कानसेन आणि दर्जाचा प्रश्न

रविवारी दुपारच्या चहाच्या आत काम आटोपतो, असं कानसेनांनी जाहीर केलं, तेव्हा कुठल्या रविवारी हे त्यांनी सांगितलं नव्हतं, एवढं त्यांच्या बाजूने बोलायलाच हवं.

काम साधं होतं. सासऱ्यांनी जन्मभर जमवलेल्या गाण्याच्या सीड्या संगणकात उतरवायच्या. सासरे आता थोरल्या मुलीकडे कायमचे राहायला निघाले होते. तिथे त्यांच्यासाठी खोली होती, सीड्यांसाठी नव्हती. म्हणून सीड्या एका गाण्याच्या बाईंच्या वर्गाला देऊन टाकायचं ठरलं. बाई येऊन घेऊन जाणार होत्या. एकदा गेल्या की गेल्या. संगणकात जे उतरेल तेच सासऱ्यांनी पुढे ऐकायचं.

थोरले जावई इंजिनियर होते. पंपाच्या कारखान्यात असल्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट इकडून तिकडे किती वेगाने जाते, एवढंच ते बघत. ते म्हणाले, सगळ्यात खालचा दर्जा लावून टाका, चुटकीसरशी होतं, माणसाच्या कानाला काय कळतंय. सासरे म्हणाले, माणसाच्या कानाला नसेल कळत, पण धाकट्या जावईबापूंच्या कानाला कळतं. आणि तीन सुटकेसी धाकट्या जावयांच्या घरी येऊन पडल्या.

धाकट्या जावयांना सासरी कानसेन म्हणत. त्या अख्ख्या गोतावळ्यात गाणं कळणारी माणसं दोनच, एक सासरे आणि दुसरे हे. बाकीचे नुसतं ऐकत. हा लौकिक आपल्याला नेमका कशामुळे मिळाला, याच्या खोलात कानसेन कधी शिरले नाहीत. बढती मिळाल्यावर कोणी कारणं विचारत बसत नाही.

पहिली अडचण अशी निघाली, की घरच्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नव्हती. कानसेनांनी तो चारी बाजूंनी फिरवून पाहिला, उलटा करून पाहिला, आणि शेवटी ही खाच कोणी बुजवली असं बायकोला विचारलं. ती म्हणाली, ती कधी नव्हतीच. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह दुकानात मिळतो, हेही तिने सांगितलं. कानसेन हसले. कचेरीच्या स्टोअरमध्ये ड्राइव्हवाला आख्खा संगणक धूळ खात पडलेला असताना दुकानात जाणारा माणूस वेगळा, आणि कानसेन वेगळे.

कानसेन पाणीपट्टीच्या कचेरीत वरिष्ठ लिपिक होते. तिथले स्टोअरकीपर तत्त्वाचे गृहस्थ होते. संगणक त्यांच्या खुर्चीमागेच होता आणि त्यावर त्यांचा डबा ठेवलेला होता. पण तो कागदोपत्री भंगारात निघाला होता.

"म्हणजे तो नाहीये," स्टोअरकीपर म्हणाले.

कानसेनांनी त्याच्याकडे बोट दाखवलं.

"दिसतोय. पण नाहीये. नसलेली वस्तू मी देऊ कशी? आधी तो असायला हवा. त्यासाठी भंगार समितीने ठराव मागे घ्यायला हवा. समितीचे तीन सभासद होते, दोन निवृत्त झाले आणि तिसरा मी. माझ्या एकट्याने गणपूर्ती होत नाही."

कानसेन अशा वेळी डगमगणारे नव्हते. त्यांनी पाणीपट्टीच्या थकबाकीदारांवर वापरायचा समजुतीचा सूर लावला आणि जेवणाच्या सुट्टीत स्टोअरकीपरांना वाटेवर आणलं. संगणक संगणक म्हणून देता येत नव्हता, पण भंगार म्हणून देता येत होता. फाटकावरच्या पासवर लिहिलं गेलं : भंगार, एक नग, परत येणार. फाटकावरचा पहारेकरी त्या पासकडे बराच वेळ बघत राहिला. इतक्या वर्षांत भंगार बाहेर जाताना त्याने पुष्कळ पाहिलं होतं. परत येणारं भंगार म्हणजे फक्त कचेरीचे साहेब, असं तो म्हणाला आणि फाटक उघडलं.

संगणक दिवाणखान्यात स्थानापन्न झाला. चालू झाल्यावर तो आधी थोडा खोकला, मग जागा झाला. कानसेनांनी सासऱ्यांची आवडती बासरीची सीडी आत सारली. पडद्यावर चौकोन उघडला आणि त्याने नम्रपणे विचारलं, दर्जा निवडा. खाली पाच ओळी. सगळ्यात खालची एकशे अठ्ठावीस किलोबिट. मग चढत चढत सगळ्यात वर लॉसलेस, म्हणजे काहीच हरवणार नाही.

कानसेनांचं बोट लॉसलेसवर जाणारच होतं, इतक्यात वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य आले. दंतवैद्यांचा दवाखाना त्यांच्या घरातच होता आणि सोसायटीचं सेक्रेटरीपदही त्यांच्याकडेच होतं. त्यांची मतं आजवर कोणी खोडून काढली नव्हती, कारण ती ऐकणाऱ्याचं तोंड नेहमी उघडं आणि कापसाने भरलेलं असे. त्यांनी खुर्ची ओढली आणि समजावून सांगितलं, की खालच्या दर्जात संगणक आवाजातला बराच भाग फेकून देतो. कुठला, तर माणसाला कळणार नाही असं त्याला वाटतं तो.

"न कळणारंच फेकतो, तर मग बिघडलं कुठे?" बायकोने विचारलं.

"वहिनी, न कळणाऱ्यांना न कळणारं," दंतवैद्य म्हणाले आणि कानसेनांकडे पाहून मंद हसले. कानसेनही हसले. मात्र आपण नेमके कशाला हसलो, हे त्यांना जरा उशिरा उमगलं.

लॉसलेसला एकच आडकाठी होती. तो दर्जा घेतला तर भंगार, एक नग, याच्या पोटात पहिली सुटकेसही मावत नव्हती. बायको म्हणाली, मग मधला निवडा. मधला हा शब्द कानसेनांना झोंबला. मधला दर्जा भाजीवाल्याकडे मागायचा, बासरीत नाही. त्यांनी ठरवलं, की ही एकच सीडी पाचही दर्जांत उतरवायची, डोळे मिटून ऐकायची, आणि आपला कान कौल देईल त्या पायरीवर तिन्ही सुटकेसी नेऊन ठेवायच्या.

बायकोने पलंगपोस आडवा धरला. त्यामागून तिने एकेक नमुना वाजवला. कानसेन मांडी घालून, डोळे मिटून बसले. पहिला नमुना उत्तम होता. दुसरा उत्तम होता. तिसराही उत्तम होता. पाचव्यानंतर बायकोने विचारलं, काय ठरलं? कानसेन म्हणाले, पुन्हा लाव. तिने पुन्हा लावले. तिचे हात भरून आले तेव्हा पलंगपोस दारावर टाकून तिने सरळ विचारलं, अहो, फरक कळतोय ना?

"कळतोय," कानसेन म्हणाले. "कोणत्या बाजूने आहे ते बघतोय."

पण आत कुठेतरी पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी कचेरीतून येताना ते कानाच्या दवाखान्यात डोकावले. काही होत असलेल्या माणसासारखे नाही, जाता जाता शेजारधर्म म्हणून. तिथल्या तपासणीच्या बाईंनी त्यांना एका जाड दाराच्या खोक्यात बसवलं, कानाला यंत्र लावलं, हातात बटण दिलं आणि सांगितलं, आवाज आला की दाबायचं.

कानसेनांनी दाबलं. त्यांनी बारीक आवाजाला दाबलं, अतिबारीक आवाजाला दाबलं, आणि एकदा हात बसल्यावर ते थांबले नाहीत. बाहेर बाईंनी मान वर करून काचेतून पाहिलं. मग त्या उठून दाराशी आल्या.

"मी यंत्र केव्हाच बंद केलंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही अजून दाबताय."

"काहीतरी येत होतं," कानसेन म्हणाले.

बाईंनी निदान सांगितलं, की कान ठणठणीत आहेत, उत्साह जास्त आहे. त्यातलं पहिलं अर्धं कानसेनांनी घरी आणलं.

आता हिशेब सरळ होता. कान ठणठणीत, तरी फरक कळत नाही. म्हणजे दोष कानात नाही, कॉपीत आहे. हा निष्कर्ष त्यांनी जिन्यात दंतवैद्यांच्या कानावर घातला. दंतवैद्य थबकले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"कॉपी होत असताना घरात शांतता ठेवता का?"

कानसेनांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शांतता कुठली? कॉपी चालू असताना बायको मिक्सर लावत होती, डोक्यावर पंखा गरगरत होता, आणि ते स्वतः तर चक्क शिट्टी वाजवत होते. एवढ्या गदारोळात पाचही नमुने सारखेच मळले असतील तर नवल काय. शिवाय तासाभराचं बासरीवादन संगणकाने काही मिनिटांत उरकलं होतं, तेही त्यांना आता खटकलं. घाईत केलेलं काम ते कचेरीतही ओळखत. त्यांनी शोधून शोधून सगळ्यात सावकाश वेग लावला आणि पाचही नमुने पुसून पहिल्यापासून सुरुवात केली.

त्या आठवड्यात त्या घरात जे घडलं, त्याला मौनव्रत म्हणणं कमीपणाचं होईल. पंखा बंद. मिक्सर बंद. चपला दाराबाहेर. कुकरला तर हद्दपारच केलं होतं. बायको खुणांनी बोलू लागली आणि दोन-तीन दिवसांत त्या खुणांमध्ये इतकी तरबेज झाली, की आवाजापेक्षा जास्त टाकून बोलता येतं हे तिच्या लक्षात आलं. सेक्रेटरींनी स्वतः जिन्यात पाटी लावली : ध्वनिमुद्रण चालू आहे, शांतता राखा. पाटी लावल्यावर त्यांना नैतिकदृष्ट्या आपलंही यंत्र बंद ठेवणं भाग पडलं. अर्धवट कोरलेल्या दातानिशी त्यांचा एक पेशंट जिन्याच्या पायरीवर येऊन बसायचा. बधिर ओठांनी तो अधूनमधून दारातून डोकवायचा आणि "झाव का?" असं विचारायचा. कानसेन ओठांवर बोट ठेवत, की त्याच्या प्रश्नासकट ती कॉपी बाद होई आणि पुन्हा पहिल्यापासून.

कारण कानसेनांना आता सगळं ऐकू येऊ लागलं होतं. तिसऱ्या नमुन्यात त्यांना खालच्या रस्त्यावरची स्कूटर सापडली. दुसऱ्यात कुणाच्या तरी घरच्या कुकरची शिट्टी, अगदी बासरीच्या सुरात मिसळलेली. दंतवैद्यांना मागवून ऐकवलं. दंतवैद्यांनी डोळे बारीक केले आणि शिट्ट्या दोन आहेत असं सांगितलं. नमुना पुसला गेला. मान खाली घालून कानसेन पुन्हा कामाला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. माणसाला आपल्या योग्यतेचं काम आयुष्यात एकदाच मिळतं.

पुढचा रविवार उजाडला तेव्हा तीन सुटकेसींपैकी एक सीडी होत आली होती. आणि त्या दिवशी सासरे आणि थोरले जावई बघायला आले.

थोरल्यांनी दार उघडल्या उघडल्या आत पाहिलं. पंखा बंद असलेल्या खोलीत मेहुणी, मेहुणीचा नवरा, एक दंतवैद्य आणि गाल सुजलेला एक अनोळखी इसम घामाने निथळत, हाताची घडी घालून, एका जुनाट संगणकाभोवती गप्प बसले होते.

"कोण गेलं?" त्यांनी हळूच विचारलं.

कानसेनांनी हाताने खाली बसा अशी खूण केली. कॉपी संपली. मग त्यांनी खुलासा केला. थोरले जावई ऐकत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू, एखादा बंद पडलेला पंप सुरू व्हावा तसा, फुलत गेला.

"साडूभाऊ, सीडीवर आकडे असतात हो," ते म्हणाले. "संगणक आकडे उतरवून घेतो. त्याला कान नाहीत. इथे बँड बोलावला असतात तरी कॉपीत ठिपका उतरला नसता."

पेशंट उठला आणि कोणाकडेही न बघता जिना चढून वर गेला. दंतवैद्यांनी, आपण सुचवलं नव्हतं, फक्त विचारलं होतं, असं स्पष्ट केलं. बायकोने पंखा लावला. त्या पंख्याच्या आवाजात कानसेनांना काही क्षण नक्की काय वाटलं हे सांगता येणार नाही, पण पुढच्या क्षणी ते सावरले होते.

"शिट्टी मी ऐकली आहे," ते म्हणाले. "स्कूटरही."

"ऐकलीत?" थोरले म्हणाले. "मग आज कानाचाच निकाल लावू. पाच दर्जे, एकच बासरी. मी उलटेसुलटे लावतो. सगळ्यात वरचा आला की हात वर करा. ओळखलात तर तिन्ही सुटकेसी मी स्वतः लॉसलेसमध्ये उतरवून देतो. नाही ओळखलात तर आजपासून हे कानसेन वगैरे बंद."

नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. सासरे उठले आणि कानसेनांच्या शेजारी, सतरंजीवर बसले. दोघेही करू, म्हणाले. या घरात कान दोघांनाच आहे.

पहिला नमुना वाजला. कानसेनांनी डोळे मिटले, पण पूर्ण नाही. एक बारीक फट उजव्या डोळ्यात त्यांनी उघडी ठेवली. लग्न झाल्यापासून कुठलंही गाणं ते असंच ऐकत आले होते. त्या फटीतून सासऱ्यांची मान दिसे. मान डोलली की हेही डोलत. आजवर कधी दगा झाला नव्हता. आज मात्र मान हलत नव्हती. दुसरा नमुना गेला. तिसरा गेला. मान जागच्या जागी. कानसेनांनी फट जरा रुंद केली, आणि त्यांना दिसलं, की सासऱ्यांच्या डाव्या डोळ्यातही एक फट आहे.

ती थेट त्यांच्याचकडे लागली होती.

चौथा नमुना सुरू झाला. कानसेनांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. तो सोडवायला ते किंचित पुढे झुकले. सासऱ्यांनी ताबडतोब हात वर केला. सासऱ्यांचा हात वर गेलेला पाहून कानसेनांनीही केला. दोन हात पाठोपाठ, ठामपणे, छताकडे गेले. मागे उभ्या असलेल्या दंतवैद्यांनीही वाहवा म्हणत आपला वर केला.

थोरल्यांनी बासरी थांबवली. त्यांनी पडदा सगळ्यांकडे वळवला.

"एकशे अठ्ठावीस," ते म्हणाले. "सगळ्यात खालचा."

दंतवैद्यांनी वर गेलेल्या हाताने कान खाजवला आणि तो खाली आणला. बायको पदराच्या टोकाशी काहीतरी शोधू लागली. कानसेन प्रत्युत्तराची जुळवाजुळव करत होते, यंत्र खोटं आहे इथपर्यंत ते आलेही होते, तेवढ्यात त्यांची नजर शेजारी गेली. सासऱ्यांचा हात अजून वरच होता. तो खाली कसा घ्यायचा, हे त्यांना सुचत नव्हतं. जन्मभर पगारातून कापून कापून गाणं जमवलेला तो माणूस, त्या गाण्याचा जाणकार म्हणून दोन्ही मुलींच्या घरांत मिरवलेला, उद्यापासून थोरल्या जावयाच्या घरात कायमचा राहायला जाणार होता. आणि थोरल्या जावयांच्या चेहऱ्यावर, रोज चहाबरोबर पुरेल एवढं हसू तयार होऊ लागलं होतं.

कानसेन उभे राहिले. मुंग्यांमुळे एका पायावर, पण उभे राहिले.

"बरोबर," ते म्हणाले. "एकशे अठ्ठावीसच. आम्ही तोच निवडला."

"अहो, पण ओळखायचा होता सगळ्यात वरचा."

"वरचा तो दुसरा होता, तो काय कोणीही सांगेल," कानसेन म्हणाले. तो दुसरा होता की नव्हता, याची त्यांना सुतराम कल्पना नव्हती, पण थोरल्यांनी चमकून पडद्याकडे पाहिलं, त्याअर्थी होता. "वरच्या दर्जात बासरीवाला छातीवर येऊन बसतो. प्रत्येक श्वास कानात. तरण्या माणसाला ठीक आहे. बाबांना आता गाणं पलीकडच्या खोलीत चाललंय असं हवंय. इकडे आपण पेपर वाचतोय, तिकडे ते चाललंय. ते अंतर फक्त खालच्या दर्जात मिळतं. बाबांनी हात वर केला तेव्हाच मला कळलं, की त्यांनी वरचा ओळखून सोडून दिला. म्हणून मीही केला."

सासऱ्यांचा हात सावकाश खाली आला, आणि वाटेत त्याने त्यांच्या मिशीवरून एक फेरी मारली.

"नेमकं हेच," ते म्हणाले. "अंतर पाहिजे."

थोरल्या जावयांना यात कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटत होतं, पण कुठे ते सापडत नव्हतं. शिवाय ते जिंकले होते. खालचा दर्जा लावा असं पहिल्या दिवसापासून तेच म्हणत होते. जिंकूनही आपल्याला असं हरल्यासारखं का वाटतंय, या विचारात त्यांनी गाडीतून आपला लॅपटॉप आणि दुकानातून आणलेला ड्राइव्ह वर आणला आणि पहिली सुटकेस उघडली. सीड्या आत जाऊ लागल्या, बाहेर येऊ लागल्या. आतून कुकरची शिट्टी झाली, कोणी दचकलं नाही.

सासरे आणि कानसेन गॅलरीत जाऊन उभे राहिले. खाली एक माणूस स्कूटर पुसत होता.

"जावईबापू," सासरे खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्हाला खरंच काही फरक कळला?"

कानसेनांनी मागे वळून दार लोटलं.

"नाही, बाबा."

"मलाही नाही. कधीच नाही. गाणं छान वाटतं, एवढंच कळतं." त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला. "मी आपला तुमच्याकडे बघून मान हलवायचो. म्हटलं, याला कळतंय."

"मी तुमच्याकडे बघून."

सासऱ्यांनी यावर विचार केला. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"मग इतकी वर्षं आधी कोण हलवत होतं?"

आत थोरल्यांनी नुकतीच उतरवलेली एक कॉपी लावून बघितली, आणि बंद दारापलीकडून, अगदी पाहिजे त्या अंतरावर, व्हायोलिन सुरू झालं. दोघंही एकमेकांच्या मानेकडे बघत थांबले. मग सासऱ्यांनी वडीलकीच्या नात्याने जबाबदारी घेतली आणि आधी डोलावली.